हात वर

पहिल्या वर्षी उकंडराव निस्ताने निवडून आले
ते तीन हातांच्या फरकानं. हात मी मोजले,
पंचायतीचा शिपाई, म्हणून मोजणं माझ्याकडं.
तंटामुक्तीचे अध्यक्ष. पगार नाही, खुर्ची नाही,
चिंचेखाली सिमेंटचा एक ओटा,
तोही आमदार निधीतला, कोपऱ्यातून फुटलेला.
पुढची दहा वर्षं त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही.

भावकीत मिटलं नाही, पोलीस पाटलाकडं मिटलं नाही
की माणसं ओट्यावर येत.
धुरा सरकला वीतभर. बकऱ्यांनी तूर खाल्ली.
मोटारीची पाळी. पळून गेलेली पोरगी, आणि तिचा बाप
जो रडतही होता आणि कुऱ्हाडही सोडत नव्हता.
उकंडराव ऐकत. ऐकताना पायाच्या अंगठ्यानं माती उकरत,
उकरणं थांबलं की आम्ही समजायचो, निकाल झाला.
"लेका, धुरा त्यानं नाई, बैलानं सरकवला.
बैलाले इचार."
माणसं हसत, आणि हसली की अर्धं मिटे.
आपल्या गावचा निकाल न पटलेले लोक
चार कोसांवरून भाकरी बांधून येऊ लागले.
तालुक्याचा एक वकील मला म्हणाला,
तुमच्या म्हाताऱ्यानं आमची अपिलं खाल्ली.

वच्छलाबाईचा तंटा पाचव्या वर्षीचा.
शाळेत खिचडी शिजवायची. तांदळाचं एक पोतं कमी भरलं.
चलानावर बारा, कोठीत अकरा.
"आलेच अकरा," ती म्हणाली, एवढंच.
अंगठा उकरत राहिला, फार वेळ. मग थांबला.
कागद तो कागद, ते म्हणाले.
अकराशे रुपये दंड, आणि चूल दुसरीच्या हाती.
तिनं पैसे ओट्यावर मोजून ठेवले,
सगळ्या दहाच्या नोटा.

चलानावर सही माझी होती.
टेम्पोवाला घाईत होता, मी पोती मोजली नव्हती.
हे सांगायला मला सहा वर्षं लागली.

ऐकून उकंडराव बोलले काही नाहीत, चपला शोधू लागले.
त्यांच्या वर कुणी नव्हतं. चिंच, आणि चिंचेवर आभाळ,
तिथं अर्ज घ्यायला कारकून बसत नाही.
म्हणून आपल्याच निकालाचं अपील घेऊन
ते वच्छलाबाईच्या दारात उभे राहिले.

ती सुपात मूग पाखडत होती. मान वर केली नाही.
"आज नाई. पुढच्या बुधवारी या."
बुधवारी, "आज बाजार हाये."
मग अमावस्या. मग अंगात कसकस.
मग "कागद आनला काय? कागद आना."
सात तारखा दिल्या तिनं.
सातही तारखांना ते गेले, माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून.
आठव्यांदा तिनं पाणी दिलं. बसायला नाही.
"म्हया दारात कायले सांगता?
जथं दंड केला, तथंच सांगा."

पंधरा ऑगस्ट. झेंडा झाला, बुंदी वाटून झाली,
ग्रामसभा बसली शाळेच्या पटांगणात.
ते उठले. म्हणाले, तांदळाचा तो निकाल चूक.
म्या चुकलो. अकराशे रुपये हे घ्या,
बाकीचं जे गेलं ते मले वापस करता येत नाई.
माझं नाव घेतलं नाही.
मी भिंतीला टेकून उभा. घेतलं असतं तर बरं होतं.

आधी लोक गप्प. मग कुजबुज,
हा इथं चुकला, तर आपला धुरा?
आपली पोरगी?
अकरा वर्षांचे निजलेले तंटे
रांगारांगांतून डोळे चोळत उठून बसले.

त्याच दुपारी निवड. यंदा समोर कुणी होतं,
डेअरीचं दूध गोळा करणारा पोरगा, बोलायला गोड.
हात वर करा. त्याचे एकसष्ट.
उकंडरावांचे बावीस.

वच्छलाबाई अगदी मागं, उन्हात बसलेली.
तिचा हात वर होता, तळवा कपाळाजवळ.
मत होतं की डोळ्यांवर धरलेली सावली,
मला कळेना. तिथवर चालत गेलो.
तिनं माझ्याकडं पाहिलं. मी विचारलं नाही.

तेवीस, असं लिहिलं रजिस्टरात.
खाली सही केली.